हिमालयातल्या हिमनद्या का आक्रसताहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चारधामला जाऊन आलेले यात्रेकरू, हिमालयात ट्रेकला जाणारे, भूगोलाचे शिक्षक आणि बातमी वाचून धास्तावलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण त्या ठिकाणी अर्धवट माहितीने सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

हिमनदी म्हणजे गोठलेली नदी का?

नाही. ती नदीच्या पाण्याची बनत नाही, आकाशातून पडलेल्या हिमाची बनते. ताजं, भुसभुशीत हिम एका घनमीटरला जेमतेम ५० ते १०० किलो भरतं. त्यातलं जे उन्हाळा संपेपर्यंत टिकतं, ते पुढच्या वर्षीच्या हिमाखाली दबतं. कण गोलसर होतात, मधली हवा निघून जाते आणि घनमीटरला ४०० ते ८०० किलोंचा दाणेदार, कडक थर तयार होतो. साधारण ८३० किलोंपाशी हवेच्या वाटा बंद होतात आणि आत बुडबुडे अडकतात. तिथून पुढे तो खरा बर्फ; त्याची घनता जास्तीत जास्त ९१७ किलोपर्यंत जाते. असा थर तीसेक मीटर जाड झाला की स्वतःच्याच वजनाने तो उताराकडे सरकू लागतो. सरकत नसेल तर ती हिमनदी नव्हे, नुसता साचलेला बर्फ.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोंदवहीत भारताच्या हद्दीत ९,५७५ हिमनद्या आहेत. त्यातल्या बहुतेक लहान आहेत. गंगोत्री किंवा सियाचीनसारख्या मोठ्या अगदी थोड्या.

‘हिमनदी मागे सरकली’ म्हणजे ती उलटी चालते का?

हिमनदी नेहमी खालीच वाहते, आक्रसत असतानाही. मागे सरकतं ते तिचं मुख, म्हणजे जिथे बर्फ संपून पाणी सुरू होतं ती जागा. वरून येणारा बर्फ मुखाशी होणारं वितळणं भरून काढू शकला नाही की मुख वर चढत जातं.

हा सरळसरळ जमाखर्च आहे. उंचावरच्या भागात वर्षभरात वितळतं त्यापेक्षा जास्त हिम साठतं, ही जमा. खालच्या भागात साठतं त्यापेक्षा जास्त वितळतं, हा खर्च. दोन्हींच्या मधे एक उंची अशी असते जिथे दोन्ही बाजू सारख्या होतात. तिला समतोल रेषा म्हणतात. हिमाचलच्या लाहौल-स्पितीमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर ही रेषा साधारण ४,९०० ते ५,००० मीटरवर असली, तर वर्षाचा हिशेब बरोबरीत सुटतो. रेषा त्याच्या वर चढली की ते वर्ष तुटीचं.

म्हणून हिमनदीची तब्येत पाहायची तर ‘मुख किती मीटर सरकलं’ यापेक्षा ‘वर्षाला किती वस्तुमान घटलं’ हा आकडा विचारावा. बातम्यांमध्ये पहिलाच आकडा जास्त येतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण मुखाची हालचाल हा काही दशकं उशिरा लागणारा निकाल असतो. लांब हिमनदीवर आज जी मागे सरक दिसते, तिच्यात वीस-तीस वर्षांपूर्वीच्या तुटीचाही वाटा असतो.

हे वस्तुमान मोजतात कसं?

दोन पद्धती आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिली, प्रत्यक्ष जाऊन. खर्चाच्या भागात वाफेच्या ड्रिलने बर्फात ८ ते १० मीटर खोल भोक पाडतात आणि त्यात बांबूच्या काठ्या पुरतात. दोन-दोन मीटरचे तुकडे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणजे बर्फ खाली गेला की वरचा तुकडा आडवा पडतो आणि खालचा उभा राहतो. वाचन दरवर्षी एकाच सुमारास करायचं, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वितळण्याचा हंगाम संपून नवं हिम पडायच्या आत. समजा, गेल्या ऑक्टोबरला काठी बर्फाबाहेर १.२ मीटर होती आणि यंदा ३.९ मीटर आहे. म्हणजे २.७ मीटर बर्फ गेला. त्याला ०.९ ने गुणलं की २.४३ मीटर पाणी. सगळे आकडे असे ‘पाण्याच्या मीटर’मध्ये आणावे लागतात, नाहीतर भुसभुशीत हिमाचा एक मीटर आणि घट्ट बर्फाचा एक मीटर सारखाच धरला जाईल.

जमेच्या भागात काठीचा उपयोग होत नाही, ती हिमाखाली गाडली जाते. तिथे गेल्या उन्हाळ्याचा मळकट थर लागेपर्यंत खड्डा खणतात, दर १०-२० सेंटिमीटरला ठरावीक आकारमानाच्या नळीने नमुना काढून तराजूवर वजन करतात आणि घनता काढतात.

चुका कुठे होतात? मुख्यतः याच वरच्या भागात. तिथे पोचणं अवघड, भेगा आणि हिमकडे कोसळण्याचा धोका, त्यामुळे खड्डे कमी पडतात आणि चार खड्ड्यांवरून कित्येक चौरस किलोमीटरचा अंदाज बांधावा लागतो. दगडमातीखालच्या बर्फातही हेच होतं: एका काठीपाशी दीड मीटर वितळतं आणि पन्नास पावलांवर त्याचा चौथा हिस्सा. शिवाय वितळण्याचा वेग फार असेल तर काठीच उन्मळून पडते आणि नेमकं सगळ्यात वाईट वर्षाचं वाचन हातचं जातं.

दुसरी पद्धत उपग्रहांची. एकाच हिमनदीचे दोन काळांतले उंचीचे नकाशे एकमेकांतून वजा करायचे, मिळालेल्या घनफळाला घनमीटरमागे साधारण ८५० किलोने गुणायचं. यात हिमनदीचा सगळा पृष्ठभाग येतो, पण वर्षावर्षाचा चढउतार नीट पकडता येत नाही. पाच-दहा वर्षांची सरासरी मात्र भक्कम मिळते. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांनी १९७०च्या दशकात काढलेले फोटो खुले झाल्यावर याच पद्धतीने हिमालयाचा ४० वर्षांचा हिशेब लावता आला. २०१९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा: १९७५ ते २००० या काळात जो घटीचा वेग होता, तो २००० ते २०१६ मध्ये दुप्पट झाला.

छोटा शिग्रीवर २००२ पासून सलग काठ्या वाचल्या जातात. तिथली सरासरी तूट वर्षाला जवळपास अर्धा मीटर पाणी एवढी आहे. तिच्याच खोऱ्यात, चंद्रा नदीच्या वरच्या अंगाला, ४,००० मीटरहून उंच ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं. ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे: राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखणारी हीच संस्था.

गंगोत्री हिमनदी नेमकी किती मागे गेली?

सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या या हिमनदीचा पहिला काटेकोर नकाशा १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडेन यांनी केला. तिथपासून १९९६ पर्यंत तिचं मुख, म्हणजे गोमुख, ११०० मीटरहून थोडं जास्त मागे गेलं. वर्षाला सरासरी १९ मीटर. २००४-०५ च्या जीपीएस मोजणीत मात्र वेग १२ मीटरच्या आसपास आला, आणि ‘गंगोत्री सावरतेय’ असा अर्थ काहींनी लगेच काढला. तो चुकीचा होता. गंगोत्रीच्या खालच्या भागावर दगडमातीचं जाड पांघरूण आहे. अशी हिमनदी मुखाशी सावकाश मागे सरकते, पण वरून खाली चपटी होत जाते. लांबी फारशी कमी होत नाही आणि जाडी मात्र दरवर्षी घटते. त्यात पूर्वी चतुरंगी आणि रक्तवर्णसारख्या बाजूच्या हिमनद्या येऊन तिला मिळत. त्यांचा बर्फ आता तिच्यापर्यंत पोचत नाही.

हिम उन्हाळ्यात वितळतंच. मग तापमानवाढीशी संबंध कसा जोडता?

वितळण्याला आक्षेप नाही, हिशेब न जुळण्याला आहे. तापमान वाढलं की तो चार बाजूंनी बिघडतो, आणि प्रत्येक बाजू मोजता येते.

एक, जास्त उष्णता म्हणजे जास्त वितळणं. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. एका चौरस मीटरवर फक्त १० वॅट जादा पोचले तरी दिवसाला २.६ मिलिमीटर पाणी जास्त सुटतं. शंभर दिवसांच्या हंगामात २६ सेंटिमीटर. घरातल्या लहान एलईडी दिव्याएवढी ही शक्ती. छोटा शिग्रीची वार्षिक तूट अर्ध्या मीटरची आहे हे लक्षात घेतलं तर या २६ सेंटिमीटरचं वजन कळतं.

दोन, समतोल रेषा वर चढते. डोंगरात हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यामुळे हवा एक अंशाने तापली की पूर्वीचंच तापमान मिळायला सुमारे दीडशे मीटर वर जावं लागतं. पसरट माथ्याच्या हिमनदीवर एवढ्याने जमेचा मोठा भाग खर्चात जमा होतो. आणि रेषा हिमनदीच्या डोक्याच्याही वर गेली, तर तिला जमा उरतच नाही. ती मग हिमनदी म्हणून टिकत नाही, फक्त संपायला वेळ लागतो.

तीन, हिमाऐवजी पाऊस. नेपाळ आणि पूर्व हिमालयातल्या हिमनद्यांना वर्षाची बहुतेक जमा पावसाळ्यात मिळते, म्हणजे वितळण्याच्याच हंगामात. तिथे मोसमी ढगांतून ५,००० मीटरवर हिम पडेल की पाणी, हे एक-दोन अंशांवर ठरतं. पाणी पडलं तर जमा बुडालीच, वर पांढरं आवरणही गेलं. पश्चिम हिमालयाला हिवाळ्यातले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळं, हिम देतात आणि त्या थंडीत थोडी वाढ पचते, त्यामुळे पूर्वेच्या हिमनद्या तापमानाला जास्त हळव्या आहेत.

चार, रंग. ताजं हिम उन्हाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतं; उघडा पडलेला जुना बर्फ ३०-४० टक्केच. जूनऐवजी मेमध्येच हिम वितळून संपलं की महिनाभर जास्त काळ गडद बर्फ ऊन पितो. चौघांतलं हे कारण सगळ्यात कमी बोललं जातं आणि आमच्या मते सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखं आहे, कारण यामुळेच छोटी वाढ स्वतःला मोठी करत जाते.

पृथ्वीवर हिमयुगं आली-गेली. हेही नैसर्गिक चक्रच नसेल कशावरून?

प्रश्न रास्त आहे, आणि ‘नैसर्गिक काहीच नाही’ हे उत्तर चुकीचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बऱ्याच भागांत काही शतकांचा थंड काळ होता. तो संपला तेव्हा हिमनद्या मागे हटू लागल्या आणि त्याची सुरुवात बहुतांशी नैसर्गिक होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने हा वाटा वेगळा काढला. १८५१ ते २०१० या सगळ्या काळातल्या घटीपैकी सुमारे एक चतुर्थांश माणसामुळे झाली, पण १९९१ ते २०१० या वीस वर्षांत तोच वाटा दोन तृतीयांशांच्या वर गेला. या अंदाजांतली अनिश्चितता मोठी आहे, दिशा मात्र स्पष्ट आहे.

हिमयुगांमागचं कारण म्हणजे पृथ्वीच्या कक्षेतले बदल. ते हजारो वर्षांच्या संथ गतीने होतात. चाळीस वर्षांत वेग दुप्पट होणं त्यात बसत नाही.

यंदा तर प्रचंड हिमवृष्टी झाली. मग काय घटतंय?

एका वर्षाच्या हिमवृष्टीवरून काही ठरत नाही. फेब्रुवारीत पडलेलं हिम ऑक्टोबरला किती उरलं, ते पाहायचं. मनालीला रस्ते बंद पडले म्हणजे हिमनदीला नफा झाला असं नसतं.

काराकोरममधल्या हिमनद्या वाढताहेत असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धं खरं. या शतकाच्या सुरुवातीच्या दशकात काराकोरम आणि त्याला लागून असलेल्या पश्चिम कुनलुनमध्ये बर्फ जवळपास स्थिर होता, काही ठिकाणी किंचित वाढला. तिथे हिवाळी हिम भरपूर पडतं, उंची जास्त आहे आणि उन्हाळे त्या काळात फारसे तापले नाहीत. अलीकडच्या वर्षांत तो अपवादही फिका पडत चालला आहे.

यात आणखी एक गोष्ट मिसळली जाते. काराकोरमच्या काही हिमनद्या ठरावीक काळाने अचानक वेग घेतात आणि मुख काही महिन्यांत शेकडो मीटर पुढे धावतं. ती वाढ नव्हे, वरचाच बर्फ खाली आलेला असतो. पाकिस्तानच्या ताब्यातल्या हुंझा भागातल्या शिश्पर हिमनदीने २०१८ पासून असंच केलं, शेजारच्या दरीतला प्रवाह अडवला, तळं साचलं आणि मे २०२२ मध्ये ते फुटून हसनाबादचा काराकोरम महामार्गावरचा पूल वाहून गेला.

बर्फावरची दगडमाती आणि काजळी वितळणं वाढवते की रोखते?

जाडीवर अवलंबून. एक-दोन सेंटिमीटरपर्यंतचा पातळ थर ऊन शोषून खालच्या बर्फाला चटके देतो, वितळणं वाढतं. त्याहून जाड थर झाला की उष्णता खाली पोचतच नाही. अर्ध्या मीटरच्या दगडमातीखाली बर्फ फार हळू वितळतो. पण अशा हिमनद्यांवर जागोजागी उघडे बर्फकडे आणि छोटी तळी तयार होतात आणि तिथे वितळणं आजूबाजूच्या कित्येक पट असतं. म्हणून ‘दगडमातीने झाकलेली म्हणजे सुरक्षित’ हे गृहीत टिकत नाही.

काजळीचा थर तर डोळ्यांना दिसणारही नाही इतका विरळ असतो, तरी हिमाची चमक उतरवायला तो पुरतो. ती येते डिझेल, वीटभट्ट्या, चुली, शेतातले पेंढे जाळणं आणि जंगलातले वणवे यांतून. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं राहतो; काजळी आठवड्याभरात खाली बसते. त्यामुळे काजळी कमी केली तर तिचा फायदा लगेच मिळतो. हिमालयाजवळच्या राज्यांच्या हातात असलेला हा सगळ्यात वेगवान उपाय आहे आणि तो आणखी गांभीर्याने घ्यायला हवा.

‘२०३५ पर्यंत हिमालयातला बर्फ संपेल’ हे भाकीत खोटं ठरलं ना?

हो. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात ते वाक्य होतं, त्याला शास्त्रीय आधार नव्हता आणि जानेवारी २०१० मध्ये समितीने ते चुकीचं असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. शेकडो मीटर जाडीचा बर्फ काही दशकांत नाहीसा होऊ शकत नाही, हे साध्या गुणाकारानेही कळतं.

आजचे अंदाज असे आहेत. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतीय विकास केंद्राच्या २०१९ च्या अहवालानुसार जगाची तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी या शतकाअखेर हिंदुकुश-हिमालयातला एक तृतीयांश बर्फ जाईल. उत्सर्जन आहे तसंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश. याच केंद्राने २०२३ मध्ये नोंदवलं की २०११ ते २०२० या दशकातली घट आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के वेगाने झाली. २०३५ ची चूक दाखवून हे आकडे झटकता येत नाहीत.

हिमनद्या गेल्या तर गंगा आटेल?

गंगा आटणार नाही. सिंधूची गोष्ट वेगळी आहे. डोंगराळ वरच्या खोऱ्यांपुरतं बोलायचं तर एका प्रसिद्ध अभ्यासाचे अंदाज असे: सिंधूच्या पाण्यात हिमनद्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास आणि हंगामी हिमाचा आणखी २० टक्क्यांवर. गंगेत हिमनद्या ११-१२ टक्के, ब्रह्मपुत्रेत सुमारे १६ टक्के. गंगेचं दोन तृतीयांश पाणी पावसाचं आहे, आणि मैदानात उतरल्यावर हिमनद्यांचा टक्का आणखी घटतो.

वार्षिक सरासरीत मात्र खरी अडचण लपून राहते. एप्रिल ते जून, पाऊस यायच्या आधी, देवप्रयागच्या वर किंवा लडाखच्या नाल्यांत जे पाणी असतं ते मुख्यतः वितळलेलं असतं. दुष्काळी वर्षात हिमनदी जास्त वितळून तूट भरते. ही राखीव गंगाजळी जाणार, ही भीती आहे.

सध्या मात्र अनेक ठिकाणी नदीला पाणी वाढलेलं दिसतं आणि लोक निश्चिंत होतात. बर्फ वेगाने वितळत असेपर्यंत पाणी वाढतच जातं. हिमनदी पुरेशी लहान झाली की उतरण सुरू होते. हिंदुकुश-हिमालयात ही कमाल पातळी शतकाच्या मध्याच्या सुमारास येईल असा अंदाज आहे. लहान हिमनद्यांच्या खोऱ्यांत ती त्याआधीच येते. आजच्या वाढलेल्या प्रवाहावर बेतून कालवा किंवा वीजप्रकल्प आखला तर तीस वर्षांनी तो कोरडा पडू शकतो.

महाराष्ट्रातल्या नद्यांचा याच्याशी काही संबंध?

गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी पावसावर आणि भूजलावर चालतात. हिमनद्यांचा त्यांना थेंबभरही आधार नाही, त्यामुळे आपल्याकडच्या पाणीटंचाईचं खापर हिमालयावर फोडू नये. संबंध आहे तो किनाऱ्याचा. २००० ते २०२३ या काळात जगभरच्या पर्वतीय हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला. साधारण ३६० अब्ज टनांनी जगाचा समुद्र एक मिलिमीटर चढतो, म्हणजे वर्षाला पाऊण मिलिमीटर. समुद्राचं पाणी तापून फुगतं आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकाही वितळतात. त्यांची भर वेगळी. मुंबई आणि कोकणातल्या खाजणांना भरती-उधाणात ती जाणवणार.

हिमतळी फुटतात म्हणजे काय होतं? चमोलीला तेच झालं होतं का?

मुख मागे सरकलं की पूर्वी आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध पुढे उरतो आणि मधल्या खळग्यात पाणी साठतं. हा बांध कोणी बांधलेला नसतो: सैल दगड, रेती, आत कधी कधी गाडलेला बर्फ. तो बर्फ वितळला, पाणी वरून वाहू लागलं किंवा बाजूचा कडा तळ्यात कोसळून लाट उठली, की बांध काही तासांत कापला जातो.

इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या उपग्रह-पाहणीत हिमालयातल्या १० हेक्टरहून मोठ्या २,४३१ तळ्यांपैकी ६७६ तळी १९८४ नंतर लक्षणीय वाढलेली आढळली. त्यातली १३० भारतात आहेत. हिमाचलमधलं घेपन घाटचं तळं १९८९ मध्ये साडेछत्तीस हेक्टर होतं, २०२२ मध्ये १०१.

दुर्घटनांची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, आणि ती एकाच नावाखाली ढकलली तर उपाय चुकतो. जून २०१३ मध्ये केदारनाथला अतिवृष्टीबरोबर चोराबारी तळ्याचा बांध फुटला. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत कुठलंही तळं फुटलं नव्हतं. रोंती शिखराच्या कड्यावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला, घर्षणाने बर्फ वितळला आणि त्या लोंढ्याने ऋषिगंगा आणि तपोवनचे प्रकल्प गिळले. ३-४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक तळ्यात गोठलेल्या दगडमातीचा उतार घसरला, लाट उठली, बांध फुटला आणि चुंगथांगचं १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. हे तळं धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं. २०१६ मध्ये पाईप टाकून पाणी उपसण्याचा प्रयत्नही झाला होता. तो पुरेसा नव्हता. नेपाळने त्याच वर्षी एव्हरेस्टजवळच्या इम्जा तळ्याला चर खणून दरवाजा बसवला आणि पातळी साडेतीन मीटरच्या जवळपास उतरवली. तळ्याची पातळी खाली आणणं, खालच्या गावांत भोंगे आणि सेन्सर बसवणं, नदीच्या पात्रात बांधकाम न करणं: तिन्ही लागतात, एकाने भागत नाही.

लडाखचे बर्फाचे स्तूप हिमनद्या परत आणतील का?

नाही, आणि ते बनवणाऱ्यांचा तसा दावाही नाही. हिवाळ्यात वाया जाणारं नाल्याचं पाणी उंचावरून पाईपने आणून कारंज्यासारखं उडवतात, उणे तापमानात ते शंकूच्या आकारात गोठतं. शंकूला ऊन लागणारं क्षेत्रफळ कमी, म्हणून तो एप्रिल-मेपर्यंत टिकतो आणि पेरणीच्या वेळी पाणी देतो. गावाच्या शेतीसाठी हा उत्तम उपाय आहे, पण तो पाण्याची वेळ बदलतो. हिमनदीचं वस्तुमान नाही. युरोपात काही ठिकाणी बर्फावर पांढरं कापड अंथरतात. स्कीच्या एखाद्या उताराला ते परवडतं, तीस किलोमीटरच्या गंगोत्रीला नाही.

आता काही केलं तरी उपयोग आहे का?

आहे, आणि तो मोजलेला आहे. आजचं हवामान जसंच्या तसं गोठवलं तरी हिमनद्या काही दशकं आक्रसत राहतील, कारण त्यांचा आकार अजून जुन्या थंड हवामानाचा आहे. तेवढं नुकसान ठरलेलं. पण त्यापुढचं आपल्या हातात आहे: २०२३ च्या एका जागतिक अभ्यासानुसार दीड अंशाच्या वाढीत जगातल्या ४९ टक्के हिमनद्या शतकाअखेर नाहीशा होतात, चार अंशांच्या वाढीत ८३ टक्के. मधल्या प्रत्येक दशांश अंशाला हजारो हिमनद्यांचा हिशेब जोडलेला आहे. ‘सगळंच गेलं’ म्हणणारा आणि ‘काही झालंच नाही’ म्हणणारा, दोघेही हा फरक पुसून टाकतात.

गोमुखला जाताना काय पाळावं? आमच्या फोटोंचा अभ्यासाला उपयोग होतो का?

गंगोत्रीपासून गोमुख १८ किलोमीटर, भोजबासा १४ वर. राष्ट्रीय उद्यानाचा परवाना आधी काढावा लागतो. दिवसाला १५० जणांची मर्यादा आहे. मुखाच्या कमानीखाली किंवा तिच्या अगदी पुढ्यात कधीही जाऊ नका. मोटारीएवढे बर्फाचे तुकडे तिथे कुठलीही सूचना न देता सुटतात, विशेषतः दुपारी. ओढे सकाळी ओलांडा. दुपारनंतर वितळलेलं पाणी येऊन तेच ओढे दुपटीने भरतात.

फोटोंचा उपयोग होतो, पण नीट काढले तर. जागा अशी निवडा जी शंभर वर्षं हलणार नाही: मोठा रुतलेला खडक, घळीतला सैल दगड नव्हे. जीपीएसवर अक्षांश-रेखांश आणि उंची लिहून घ्या, कॅमेरा कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्राने नोंदवा, झूम न वापरता काढा. चौकटीत दोन्ही बाजूंचे डोंगरकडे येऊ द्या, कारण नंतर दोन फोटो एकमेकांवर बसवताना तेच स्थिर खुणा देतात. शक्यतो सप्टेंबरअखेर जा. मेमधल्या फोटोत हंगामी हिमामुळे मुख कुठे संपतं तेच दिसत नाही. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतली तारीख आणि स्थळाची माहिती उडालेली असते. घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या गोमुख यात्रेचा जुना फोटो असेल तर तोही स्कॅन करा आणि मागे लिहिलेलं वर्ष सोबत नोंदवा.